शंभरची जाळी म्हणजे किती बारीक?

वाचकांचे प्रश्न : कारखान्यातली गाळण आणि धातूच्या जाळ्या

गेल्या अंकात गाळणीच्या जाळ्यांचा ओझरता उल्लेख आला आणि त्यावर इतकी पत्रं आली, की हा सगळा अंक त्याच विषयाला द्यायचं ठरवलं. मला त्याचा आनंद आहे. माझं बालपण इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं, नोकरीची पहिली वर्षं एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये, आणि पुढचं सगळं आयुष्य भोसरीत तारेच्या जाळ्या विणणाऱ्या, गाळण्या बनवणाऱ्या युनिटमध्ये. कारखान्यात लाखोंच्या पंपाची, बॉयलरची काळजी सगळे घेतात. त्यांच्या तोंडाशी बसलेली जाळी मात्र ‘आण रे कुठलीतरी’ म्हणून येते. त्या जाळीबद्दल इतक्या बारकाईने विचारलेले प्रश्न वाचून बरं वाटलं.

प्रश्न : आम्ही शिरोली एमआयडीसीत बास्केट स्ट्रेनर (टोपलीच्या आकाराच्या गाळण्या) बनवतो. एका रंगाच्या कारखान्याला ‘एसएस १०० मेश’ची बास्केटं नेहमी देतो. या वेळी जाळी दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतली, थोडी स्वस्त पडली. आता गिऱ्हाईक म्हणतं, रंगात कणी येते. दोन्ही व्यापारी छातीठोकपणे सांगतात, जाळी शंभरचीच आहे. खोटं कोण बोलतंय?
— एक लघुउद्योजक, कोल्हापूर

कोणीच नाही. दोन्ही जाळ्या शंभरच्याच आहेत आणि तरीही दोघींची भोकं वेगळी आहेत.

मेश म्हणजे एका इंचात किती घरं बसतात त्याचा आकडा. इंच २५.४ मिलिमीटरचा, म्हणजे शंभरच्या जाळीत एका घराच्या वाट्याला ०.२५४ मिलिमीटर येतात. पण त्या घरात तारही राहते. तार वजा केली की उरतं ते भोक. तार ४२ गेजची असेल तर तिची जाडी ०.१०१६ मिलिमीटर, आणि भोक उरतं साधारण १५२ मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तीच जाळी ४४ गेजच्या तारेत विणली तर तार ०.०८१ मिलिमीटर आणि भोक १७३ मायक्रॉनचं. ४६ गेज घेतली तर भोक १९३ मायक्रॉनवर जातं. तिन्ही जाळ्यांवर व्यापारी ‘१०० मेश’ असंच लिहील आणि ते बरोबरच असेल. तुमच्या गिऱ्हाइकाच्या रंगातली कणी बहुधा या वीस मायक्रॉनच्या फरकातूनच पुढे गेली आहे.

आता स्वस्ताचं. जाळीत पैसा तारेच्या वजनाला लागतो, आणि वजन जाडीच्या वर्गाच्या हिशेबाने बदलतं. ४२ गेजची शंभरची जाळी चौरस मीटरला साधारण अर्धा किलो भरते, ४४ गेजची ३२० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त धातू कमी. यातच एक सोपी परीक्षा दडलेली आहे. एक फूट लांब, एक फूट रुंद तुकडा काटकोनात नीट कापा आणि डिजिटल काट्यावर ठेवा. ४२ गेजचा तुकडा ४७ ग्रॅमच्या आसपास येईल, ४४ गेजचा ३० ग्रॅमच्या. कुठल्याही प्रयोगशाळेत जायची गरज नाही. घरं मोजायला इचलकरंजीत कापडाचे धागे मोजतात तो एक इंची काउंटिंग ग्लास घ्या, सुईच्या टोकाने मोजत जा, आणि उभं-आडवं दोन्हीकडे मोजा. ताणा आणि बाणा यांचा आकडा सारखा नसेल तर भोक चौकोनी न राहता लांबट होतं, आणि लांबट भोकातून लांबट कण सहज निसटतो.

बारीक तारेची जाळी वाईट असते असा अर्थ मात्र काढू नका. ४२ गेजच्या शंभरच्या जाळीत मोकळी जागा सुमारे ३६ टक्के, ४४ गेजमध्ये ४६ टक्के. पातळ तारेतून माल जास्त वाहतो, जाळी उशिरा चोक होते. तिचा दोष इतकाच, की ती दाबाखाली लवकर फाटते. कुठे प्रवाह महत्त्वाचा, कुठे ताकद, हे तुम्ही ठरवायचं. व्यापाऱ्याने ते तुमच्यासाठी ठरवता कामा नये.

म्हणून ऑर्डर लिहिताना मेशचा आकडा हवा तर लिहा, पण त्याच्या शेजारी भोक आणि तार लिहाच : ‘विणलेली जाळी, साधी वीण, एसएस ३१६, भोक १५० मायक्रॉन, तार ०.१ मिलिमीटर’. गेज लिहायचाच असेल तर कुठला गेज तेही लिहा. आपल्याकडे चालतो तो एसडब्ल्यूजी, म्हणजे ब्रिटिश ‘स्टँडर्ड वायर गेज’. अमेरिकन पद्धतीचा ४२ गेज ०.०६३ मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या ४२ पेक्षा बराच बारीक. आपलं आयएस ४६० हे चाचणी-चाळण्यांचं मानक चाळणीला तिच्या भोकाच्या मापानेच ओळखतं, ते याच कारणासाठी. रंगाच्या कारखान्यालाही विचारा, की तुम्हाला किती मायक्रॉनचा कण अडवायचा आहे. त्यांनाही ते कधी कोणी विचारलेलं नसेल.

प्रश्न : मी स्टोअर सांभाळतो. एसएस ३०४ म्हणून आलेल्या जाळीला चुंबक हलकासा चिकटतो. मी माल परत पाठवला. पुरवठादार म्हणतो, माल अस्सल आहे. माझं चुकलं का?
— स्टोअरकीपर, सिन्नर

माल थांबवलात ते योग्य केलंत. फक्त निकाल चुंबकावर सोडू नका.

३०४ म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं पोलाद. पत्र्याच्या रूपात, नीट अॅनील केलेलं (तापवून मऊ केलेलं) असताना, ते चुंबकाला दाद देत नाही. पण तार ओढताना, विणताना, वाकवताना धातूची अंतर्गत रचना थोडी बदलते आणि तो बदललेला भाग चुंबकाकडे ओढला जातो. त्यामुळे अस्सल ३०४ ची जाळीही, विशेषतः काठाशी आणि घडीवर, थोडीशी चिकटते. ३१६ मध्ये निकेल जास्त असल्याने तिथे हे कमी दिसतं. चुंबक घट्ट बसला, जाळी उचलूनच धरली, तर मात्र ४००च्या मालिकेतलं पोलाद किंवा साधं लोखंड असल्याचा संशय धरा.

माझी खरी काळजी उलट बाजूची आहे. बाजारात मँगनीजवालं, कमी निकेलचं २००च्या मालिकेतलं पोलाद भरपूर फिरतं, ज्याला लोक ‘जे-फोर’ वगैरे म्हणतात. तेही बहुधा चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे चुंबकाची परीक्षा घेणारा माणूस खरा ३०४ परत पाठवतो आणि खोटा पास करतो! रसायनाचा थेंब टाकून करतात ती ‘मॉली टेस्ट’ फक्त मॉलिब्डेनम (मॉली) आहे का ते सांगते, म्हणजे ३१६ ओळखायला तिचा उपयोग. ३०४ आणि जे-फोर यांच्यातला फरक तिच्यातून कळत नाही.

भरवशाचा उपाय म्हणजे एक्स-रेवर चालणारी पीएमआय गन. निकेल, क्रोमियम, मॉली, मँगनीज यांचे आकडे ती जागेवर दाखवते. तुमच्याकडे नसली तरी तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांकडे असते. बारीक जाळी एकेरी धरू नका, तिच्या बऱ्याच घड्या घालून जाड थर करा, नाहीतर किरण भोकांतून पलीकडच्या टेबलावर जातो आणि आकडा फसतो. ‘एल’ ग्रेड, म्हणजे कमी कार्बनचं ३०४एल किंवा ३१६एल, ही गन ओळखू शकत नाही, कारण कार्बन तिला दिसत नाही. त्यासाठी तारेच्या गिरणीचा टीसी (टेस्ट सर्टिफिकेट) मागा आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या घाण्याचा क्रमांक, रोलच्या टॅगशी जुळवा.

प्रश्न : साखर कारखान्यात सेंट्रिफ्युगलवर आहे. सी-मॅसिक्विटच्या कंटिन्युअस मशीनवर नवीन स्क्रीन बसवली तरी मळीची प्युरिटी खाली येत नाही. चीफ केमिस्ट स्क्रीनला दोष देतात. स्क्रीन तर नवी आहे. काय बघू?
— फिटर, सांगली जिल्हा

तुमचा प्रश्न वाचून मी पुन्हा त्या घमघमत्या फ्लोअरवर जाऊन उभा राहिलो. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. इतर वाचकांसाठी : मॅसिक्विट म्हणजे साखरेचे दाणे आणि मळी यांचं घट्ट मिश्रण, सी म्हणजे त्यातलं शेवटच्या टप्प्याचं. सेंट्रिफ्युगल ते गरगर फिरवून दाणा आणि मळी वेगळी करतं. मळीची प्युरिटी म्हणजे तिच्यात उरलेल्या साखरेचं प्रमाण, ते जितकं कमी तितकं चांगलं.

ही स्क्रीन विणलेली जाळी नसते. ती निकेलचा पातळ पत्रा असते, विद्युत प्रक्रियेने घडवलेला, आणि त्याच्या कामाच्या पृष्ठावर कठीण क्रोमचा थर असतो. सी-मशीनला साधारण ०.०६ मिलिमीटर रुंदीच्या फटी चालतात. सी-साखरेचा दाणा ०.२ मिलिमीटरच्या आसपास असला, तर दाणा अडतो आणि मळी फटीतून जाते. फट सरळ नसते. मॅसिक्विटच्या बाजूला अरुंद, मागच्या बाजूला रुंद. त्यामुळे तोंडातून जो बारीक कण शिरतो तो पुढे अडकत नाही, मोकळा होऊन बाहेर पडतो. तेव्हा पहिली गोष्ट ही बघा, की स्क्रीन उलटी बसलेली नाही ना. क्रोमची गुळगुळीत, चकाकती बाजू मॅसिक्विटकडे हवी. उलटी बसली तर कण रुंद तोंडातून आत जातो, अरुंद टोकाला पाचर बसते, आणि क्रोमचं कवच मागे राहून मऊ निकेल घासलं जातं.

दुसरी गोष्ट खालची आधाराची जाळी. ती सपाट नसेल, तिचा जोड वर आलेला असेल, तर त्या रेषेवर नवी स्क्रीन ताणली जाते आणि चिरते. नवी स्क्रीन लावताना जुनी आधाराची जाळी तशीच ठेवायची सवय अनेक ठिकाणी आहे. ती हाताने चाचपून बघा, मगच वरची बसवा.

पण तुमच्या वर्णनावरून मला शंका वेगळीच येते. केमिस्टसाहेबांना विनंती करा, की मशीनवर जाणाऱ्या मॅसिक्विटचा नमुना घेऊन नट्शमधून (प्रयोगशाळेतल्या छोट्या गाळणीतून) दाबाने मळी काढा आणि तिची प्युरिटी बघा. त्याच वेळी मशीनखालच्या मळीची प्युरिटी बघा. नट्शची मळी म्हणजे दाणा न विरघळता, न निसटता मिळालेली मळी. दोघींत फरक थोडा असेल तर मशीन आणि स्क्रीन निर्दोष आहेत, गडबड पॅनवर, म्हणजे साखर उकळून दाणा धरतात त्या भांड्यात, किंवा क्रिस्टलायझरमध्ये थंड होण्यात आहे. फरक मोठा असेल तर मग तुमच्या मजल्यावर शोधा : पाणी आणि वाफ जास्त सुटते का, म्हणजे दाणा स्क्रीनवरच विरघळतो का, किंवा स्क्रीन झिजली, फाटली आहे का.

आणि पॅनमध्ये फॉल्स ग्रेन पडला असेल, म्हणजे मूळ दाण्याखेरीज पिठासारखा बारीक दाणा उठला असेल, तर तो ०.०६ च्या फटीतूनही जाणारच. मग महिन्याला स्क्रीन बदलली तरी मळी तीच राहील. मळीचा थेंब काचेवर घेऊन साध्या सूक्ष्मदर्शकाखाली बघा, दाणे दिसले तर त्यांचा आकार बघा. फटीपेक्षा मोठे दाणे मळीत सापडले तर फाटकी जागा शोधायची, छोटे सापडले तर पॅनमनशी बोलायचं. तुमच्यासारख्या फिटरवर उगाच ठपका येऊ नये म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

स्क्रीन धुवायला गरम पाणी आणि वाफ पुरेशी असते. तारेचा ब्रश, चाकू, पत्र्याची पट्टी तिच्याजवळ येऊ देऊ नका.

प्रश्न : आमच्याकडे सोयाबीन तेलाची छोटी रिफायनरी आहे. ब्लीचिंगनंतरच्या लीफ फिल्टरमधून तेलाबरोबर माती येते. लीफवर २४ × ११० ची जाळी आहे. आणखी बारीक जाळी बसवावी का? आणि हे दोन आकडे कशासाठी?
— रिफायनरीचालक, लातूर

बारीक जाळी बसवू नका. आधी दोन आकड्यांचं सांगतो, म्हणजे का ते कळेल. (इतर वाचकांसाठी : ब्लीचिंगमध्ये तेलाचा रंग काढायला त्यात खास माती मिसळतात. ती माती नंतर लीफ फिल्टरमध्ये, म्हणजे टाकीत बसवलेल्या जाळीच्या चौकटींवर, गाळून काढतात. त्यातली एक चौकट म्हणजे लीफ.)

२४ × ११० ही डच विणीची जाळी. ताण्याला इंचात २४ जाड तारा, आणि बाण्याला इंचात ११० पातळ तारा. बाण्याची तार पाव मिलिमीटरच्या आसपास असते. ११० तारा एकमेकींना नुसत्या चिकटवून ठेवल्या तरी सत्तावीस मिलिमीटरहून जास्त जागा लागेल, आणि इंच आहे २५.४ चा. म्हणजे बाणा इतका ठोकून बसवलेला असतो, की सरळ भोक उरतच नाही. ही जाळी उजेडासमोर सरळ धरा, पलीकडचं काही दिसणार नाही. तिरकी केली तर बारीक ठिपके चमकतील. तेल ताण्याच्या आणि बाण्याच्या तारांमधल्या तिरक्या, तिकोनी वाटेने जातं. ती वाट साधारण १०० मायक्रॉनच्या आसपासची.

आता ब्लीचिंगच्या मातीचा कण बघा. बहुतेक माती ५० मायक्रॉनपेक्षा बारीक असते. मग १०० मायक्रॉनच्या वाटेची जाळी तिला अडवते कशी? तर जाळी अडवत नाहीच. सुरुवातीला माती आरपार जाते, मग वाटेच्या तोंडाशी कणावर कण अडकून कमान धरली जाते, तिच्यावर थर चढतो, आणि तो थर, म्हणजे केक, पुढची माती अडवतो. जाळीचं काम केकला आधार देण्याचं. म्हणून सुरुवातीचं गढूळ तेल पुढे न पाठवता परत ब्लीचरमध्ये फिरवायचं, साइट ग्लासमध्ये तेल लख्ख दिसेपर्यंत. घाई करणारा ऑपरेटर तिथेच चुकतो. बारीक जाळी लावलीत तर पहिली पाच मिनिटं कदाचित बरी जातील, पण गम आणि साबणाचे अंश त्या बारीक वाटांत घट्ट बसतील, आणि काही बॅचमध्ये लीफ बुजून जाईल.

फिरवूनही तेल साफ होत नसेल, किंवा साफ होऊन मधेच माती येत असेल, तर क्रमाने बघा. मधे पंप थांबतो का, दाब एकदम पडतो का? दाब सुटला की केक लीफवरून घसरतो, आणि तेवढी जागा उघडी पडते. पंप सलग चालत असेल तर लीफच्या बुडाशी, नोझल मॅनिफोल्डमध्ये (सगळ्या लीफचं तेल गोळा करणाऱ्या पाइपात) बसतं तिथला ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, काढून बघा. कडक झालेला, चपटा झालेला ओ-रिंग हे मातीचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे आणि सगळ्यात स्वस्तही. त्यानंतर लीफ. संशय असलेला लीफ पाण्याच्या टाकीत आडवा बुडवा, नोझलमधून अगदी कमी दाबाने हवा सोडा. जिथे एकाच जागेतून मोठे बुडबुडे जोरात येतात, तिथे तार सरकलेली किंवा फाटलेली आहे. काठावरच्या रिव्हेटच्या रेषा जास्त तपासा.

तारा सरकण्याचं कारण मी अनेक ठिकाणी पाहिलंय : केक काढायला कामगारांना लोखंडी खरपडी दिलेली असते. दोष कामगाराचा नाही, त्याच्या हातात दुसरं काही दिलेलंच नसतं. लाकडाची किंवा प्लास्टिकची पट्टी द्या. बुजलेले लीफ गरम कॉस्टिकच्या पाण्यात भिजवा, मग स्वच्छ पाण्याने इतके धुवा, की कॉस्टिकचा अंशही राहू नये, नाहीतर पुढच्या बॅचमध्ये तुम्हीच साबण तयार कराल. लीफ फिल्टरच्या पुढे एक बॅग फिल्टर पहाऱ्याला ठेवा. एखादा लीफ मधेच फाटला तर माती डिओडरायझरपर्यंत (तेलाचा वास काढणाऱ्या यंत्रापर्यंत) जाणार नाही.

आणि न विचारलेली पण महत्त्वाची गोष्ट. काढलेली तेलकट माती उघड्यावर ढीग करून ठेवू नका. सोयाबीनचं तेल हवेशी संयोग पावतं, ढिगाच्या पोटात उष्णता साठत जाते आणि माती आपोआप पेट घेऊ शकते. पाणी मारा, पातळ पसरा, शेडपासून लांब ठेवा. ही काळजी रात्रपाळीलाही समजावून सांगा.

प्रश्न : आमच्या बोटीच्या इंजिनाला समुद्राचं पाणी घेताना जो स्ट्रेनर आहे, त्याच्या एसएसच्या जाळीला एका हंगामात टाचणीएवढी भोकं पडतात. ‘स्टेनलेस’ ना ते?
— बोटमालक, रत्नागिरी

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे १९ ग्रॅमच्या आसपास क्लोराइड असतं. स्टेनलेसचं संरक्षण म्हणजे क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा, आणि तो टिकायला प्राणवायू लागतो. जाळीवर चिखल बसला, शिंपले धरले, बोट धक्क्याला लागून पाणी स्थिर राहिलं, की त्या थराखाली प्राणवायू पोचत नाही, क्लोराइड पापुद्रा फोडतं, आणि तेवढ्याच जागी धातू खोल खात जातं. म्हणून बाकी जाळी चकचकीत आणि मधेच भोक. तुमची जाळी ३०४ ची असणार. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ती जास्त टिकेल, पण उबदार, स्थिर खाऱ्या पाण्यात तिचाही भरवसा नाही.

खात्रीचा उपाय म्हणजे ब्राँझची बॉडी आणि आत मोनेल ४०० ची बास्केट. मोनेल म्हणजे दोन तृतीयांशाच्या आसपास निकेल, उरलेलं मुख्यतः तांबं. महाग आहे, पण दर हंगामाला बास्केट आणि गरम झालेल्या इंजिनाचा खर्च धरलात तर परवडतं. बारीक जाळी तुम्हाला लागतच नाही. दोन-तीन मिलिमीटर भोकांची छिद्रित पत्र्याची बास्केट पंपाच्या इम्पेलरला पुरेसं संरक्षण देते आणि कमी चोक होते. बास्केटला लोखंडी नट-बोल्ट लावू नका, ब्राँझ आणि मोनेलच्या संगतीत लोखंड आधी खाल्लं जातं. पावसाळी बंदीत बोट वर ओढलीत, की बास्केट काढून गोड्या पाण्याने धुऊन कोरडी ठेवा. तिथे आत खारं पाणी साचून राहणं, हेच निम्म्या नुकसानाचं मूळ आहे.

प्रश्न : आमचा प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना आहे. रिसायकल दाण्यावर एक्स्ट्रूडरची (प्लास्टिक वितळवून स्क्रूने पुढे ढकलणाऱ्या यंत्राची) जाळी लवकर भरते. आम्ही ती भट्टीत जाळून परत वापरतो, पण दोन-तीन वेळानंतर तुकडे पडतात. एसएसचीच आहे.
— कारखानदार, जळगाव

जाळू नका. दोन कारणं आहेत, आणि पहिलं माणसांचं. रिसायकलच्या दाण्यात पीव्हीसीचा तुकडा आलेला असू शकतो, आणि तो जळला की हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो. भट्टीजवळ उभा राहणारा रोज तो हुंगतो.

दुसरं धातूचं. ३०४ सारखं पोलाद साधारण ४५० ते ८५० अंश सेल्सिअसमध्ये बराच वेळ राहिलं, की त्यातला कार्बन क्रोमियमला ओढून कणांच्या सीमेवर नेऊन बसवतो. सीमेलगतचं क्रोमियम संपतं आणि तिथे धातू उघडा पडतो. त्यात पृष्ठभागावर खवला धरतो. ८० मेशची तार मुळात ०.१२-०.१५ मिलिमीटरची, तिच्यातला थोडा धातू खवल्यात गेला तरी उरतं काय? मग स्क्रूच्या दाबाखाली ती मोडते, आणि तुकडे डायमध्ये, म्हणजे पुढच्या साच्यात, जाऊन बसतात. डाय घासायला लागणारा वेळ आणि खर्च जाळीच्या किमतीच्या कितीतरी पट आहे. चटईच्या धंद्यात वापरलेली जाळी एकदाच वापरायची वस्तू समजा.

लवकर भरण्यावर खरा उपाय जाळीच्या रचनेत आहे. एकच बारीक जाळी ठेवलीत तर सगळा कचरा तिच्यावरच येतो. दाणा ज्या बाजूने येतो तिकडून २०, मग ४०, मग ८०, आणि पुन्हा ब्रेकर प्लेटला (जाळीमागच्या भोकांच्या जाड चकतीला) टेकून २० असा गठ्ठा करा. पहिल्या दोघी मोठा कचरा वाटून घेतात, शेवटची जाड जाळी बारकीला ब्रेकर प्लेटच्या भोकांत दबून फाटू देत नाही. ब्रेकर प्लेटच्या अलीकडे दाबाचा गेज नसेल तर बसवाच. जाळी घड्याळ बघून बदलण्याऐवजी दाब बघून बदला. दाब चढत जातो तसा वितळलेला माल तापतो, रंग उतरतो, पट्टी तुटायला लागते. आणि दाणा करण्याआधी प्लास्टिक धुण्यावर जो खर्च कराल, तो जाळीच्या खर्चात परत मिळेल. माती जाळीवर अडवण्यापेक्षा हौदात सोडणं नेहमीच स्वस्त.

प्रश्न : मी औषध कंपनीत प्रॉडक्शन केमिस्ट आहे. व्हायब्रो सिफ्टरच्या (कंपनाने पूड चाळणाऱ्या यंत्राच्या) ६० मेशच्या चाळणीत बॅच संपल्यावर कडेला दोन तारा तुटलेल्या दिसल्या. सीनियर म्हणाले, ‘सिलिकॉन लावून चालव, पुढे मेटल डिटेक्टर आहेच.’ मला पटत नाही.
— एक वाचक भगिनी, वेर्णा, गोवा

ताई, तुमचं बरोबर आहे, आणि ठाम राहा.

मेटल डिटेक्टर सगळ्यात सहज लोखंड पकडतो. तुमची चाळणी बहुधा ३१६ ची असणार. ते चुंबकीय नाही आणि वीजही फार चांगली वाहून नेत नाही, त्यामुळे तेच पकडायला सगळ्यात कठीण. त्यात तुमच्या चाळणीची तार मिलिमीटरच्या दशांशा-दोन दशांशाची, आणि असा बारीक तुकडा डिटेक्टरमधून कुठल्या अंगाने जातो यावरही तो दिसणं-न दिसणं ठरतं. गोळीच्या डिटेक्टरची चाचणी गोल मण्यांवर केलेली असते. मणी पकडला म्हणजे तार पकडली जाईल असं कोणी म्हणू नये. ती गोळी कोणाच्या तरी आईच्या, मुलाच्या पोटात जाणार आहे.

तेव्हा : बॅच अडवून ठेवा आणि क्यूएला, म्हणजे गुणवत्ता विभागाला, लेखी कळवा. चाळणी फेकू नका, तिच्यावर बॅच नंबर लिहून पिशवीत बंद करा. भिंगाखाली तुटलेल्या टोकांमधली जागा मोजा. टोकं समोरासमोर भिडत असतील तर तार तुटली पण तुकडा गेला नाही. मधे जागा रिकामी असेल तर तेवढ्या लांबीचा तुकडा मालात आहे असं धरूनच पुढचा निर्णय घ्यायला हवा. ६० मेशचं भोक २५० मायक्रॉनचं, आणि तार त्याहून बारीक, म्हणजे तुकडा उभा होऊन त्याच चाळणीतून खाली उतरू शकतो. पुन्हा चाळलं म्हणजे झालं, असंही म्हणता येणार नाही.

सिलिकॉनचं ठिगळ लावू नका. कंपनाने ते सुटतं आणि मालात दुसरी परकी वस्तू जाते. तार बहुतेक वेळा कडेलाच तुटते, कारण जाळी रिंगवर सैल बसली की कडेशी सतत वर-खाली दुमडते. नवी चाळणी आली की बोटाने हलकं दाबून सगळीकडे सारखा ताण आहे का बघा. प्रत्येक बॅचच्या आधी आणि नंतर, खालून दिवा धरून, दोघांनी चाळणी बघायची आणि दोघांनी सही करायची, अशी ओळ बॅच रेकॉर्डमध्ये नसेल तर ती घालण्याचा प्रस्ताव तुम्हीच द्या. आधीची सही असली की तार याच बॅचमध्ये तुटली हे सिद्ध होतं, आणि मागच्या बॅचना हात लावावा लागत नाही. तुमच्या सीनियरनाही हा मुद्दा पटेल.